तुळजापूर, गाणगापूर, विजापूर, पंढरपूर : जोखमीचा हिशोब मांडून केलेला बसप्रवास

पूर्वतयारी : सोलापूर

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने हिवाळ्यात देवदर्शनाची सहल काढायचे ठरवले, तेव्हा पहिल्यांदा हाती आलेला कार्यक्रम दोन दिवस आणि एका रात्रीचा होता. सकाळी तुळजापूर, दुपारी अक्कलकोट, संध्याकाळी गाणगापूर, रात्रभर गाडी चालवून पहाटे विजापूर आणि येताना पंढरपूर, असा तो बेत होता आणि त्यासाठी चालक एकच नेमलेला होता. माणशी खर्च कमी बसत होता, मुक्कामाचे भाडे वाचत होते, त्यामुळे बऱ्याच जणांना तो पसंतही पडला होता. माझी नोकरी सोलापूरजवळच्या चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून झाली. तिथे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी धोका कोणता, तो कोणाला पोचेल, घडण्याची शक्यता किती आणि घडलाच तर हानी किती, हे कागदावर मांडण्याची शिस्त होती. आणि उपाय शोधताना पहिला प्रश्न नेहमी हाच असे, की हा धोका मुळातूनच काढून टाकता येईल का? सहलीच्या कागदालाही मी तोच प्रश्न विचारला. रात्रीचा प्रवास काढून टाकता येत होता. मुक्काम वाढवले की तो आपोआप जात होता. बसच्या सुरक्षिततेचा विचार आपण टायर आणि ब्रेकपासून सुरू करतो, पण माझ्या मते तो वेळापत्रकापासून सुरू व्हायला हवा, कारण न झेपणारे वेळापत्रक ज्याच्या हाती दिले आहे तो चालक उत्तम गाडीतही घाई करतो आणि ती वेळ स्वतःच्या जेवणातून व झोपेतून भरून काढतो.

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे आणि सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती मिळावी, अशी तरतूद तेव्हा होती. ही तरतूद मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवली आणि पहिल्या बेताशेजारी चालकाचे तास लिहून दाखवले, तेव्हा फारसा वाद झाला नाही. सहल चार दिवस आणि तीन मुक्कामांची झाली, चालक दोन ठरले, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर अंधार पडल्यानंतर गाडी हलवायची नाही, असा नियम लेखी झाला. तारखांसाठी पंचांग समोर ठेवले. तुळजापुरात मंगळवार, शुक्रवार व पौर्णिमा, अक्कलकोटला गुरुवार, गाणगापूरला पौर्णिमा आणि पंढरपूरला एकादशी हे गर्दीचे दिवस असतात. गर्दी म्हणजे गाडी दूर लावणे आणि म्हाताऱ्या माणसांनी वाहनांच्या मधून वाट काढत चालणे. ते सारे टाळून सोमवार ते गुरुवार असे चार दिवस निवडले.

गाडी ४४ आसनांची होती आणि आम्ही ३८ जण होतो. निघण्याच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, जुन्या पुणे नाक्याच्या बाजूला जिथे ती उभी असते तिथे जाऊन मी ती पाहिली. योग्यता प्रमाणपत्र, विमा, कर आणि प्रदूषण तपासणी यांच्या मुदती गाडीच्या क्रमांकावरून मोबाइलवर पाहता येतात. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता तपासणी करावी लागते. आम्हाला कर्नाटकात जायचे असल्यामुळे अखिल भारतीय पर्यटन परवाना आहे का, हे विशेषकरून विचारले. परवान्याबाहेर गाडी नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला हात झटकण्यासाठी कारण मिळते.

टायरकडे मात्र कागद पाहून कळत नाही, वाकावेच लागते. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ३२२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते आणि खाचेच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे रबराचे छोटे उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पुढचे दोन्ही टायर मूळचे होते, रिमोल्ड केलेले, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवलेले नव्हते, याचे समाधान वाटले. मागच्या जोडचाकांवर क्लीनरने टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून दाखवली. बाहेरच्या चाकांचा आवाज टणक आला आणि डाव्या बाजूच्या आतल्या चाकाचा दबका आला. जोडीतल्या एका चाकात हवा कमी असली की दुसऱ्यावर दुप्पट भार येतो, तो तापतो आणि वेगात असताना फुटतो. त्या आतल्या टायरची ट्यूब माझ्यासमोर बदलून घेतली.

यानंतर बाहेर पडण्याचे मार्ग पाहिले. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ झालेल्या बस अपघातात २५ जणांचा मृत्यू झाला. ती गाडी दाराच्या बाजूवर उलटली, त्यामुळे दार जमिनीखाली गेले आणि नंतर आग लागली. बसमध्ये एकच दार असते या सवयीने आपण बसतो, म्हणून ही घटना मला कधीही विसरता येत नाही. आमच्या गाडीचे मागचे आपत्कालीन दार उघडायला गेलो, तर आतून त्याला टेकून गाद्यांचा गठ्ठा आणि स्टेपनीचा जॅक ठेवलेला होता, आणि कडी इतकी गंजली होती की ती फिरवायला दोघांना जोर लावावा लागला. काच फोडण्याच्या चार हातोड्यांपैकी दोन जागेवर होत्या. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, पण ते आसनाखाली दोरीने बांधलेले होते. छताला रंगीत दिव्यांची माळ नंतर जोडलेली होती आणि तिची वायर मूळ वायरला नुसती पिळ देऊन, वर चिकटपट्टी लावून बसवली होती. अशा सांध्याला ठिणगी पडायला फार काही लागत नाही. मालकाने सगळी यादी शांतपणे लिहून घेतली. दिव्यांची माळ तोडून देण्यास तो सुरुवातीला तयार नव्हता, कारण लग्नाच्या वऱ्हाडाला ती आवडते. परंतु आमच्या सहलीपुरती का होईना, ती काढल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही, असे सांगितल्यावर ती निघाली.

पहिला दिवस, सोमवार : सोलापूर, तुळजापूर, अक्कलकोट

प्रत्येकाला घराजवळ रस्त्यावरून घेत जाण्याची पद्धत आम्ही ठेवली नाही. सगळ्यांनी होटगी रस्त्यावरील एका मंगल कार्यालयाच्या आवारात यायचे ठरले होते, म्हणजे रहदारीत उभे राहून सामान चढवणे टळते. ज्येष्ठांच्या सहलीत गाडीची पहिली पायरी हा स्वतंत्र धोका मानला पाहिजे. गुडघा दुखणारा माणूस दांडीला लोंबकळून चढतो आणि उतरताना शरीराचा सगळा भार एका पायावर टाकतो. आम्ही खाली रबर लावलेला एक जड लाकडी पाट सोबत घेतला होता. प्रत्येक थांब्यावर क्लीनरने आधी तो पाट ठेवायचा आणि मगच दार उघडायचे, असे ठरले.

सूर्य उगवल्यावर, सातच्या सुमारास निघण्याआधी पाच मिनिटे सर्वांना आपत्कालीन दार आणि खिडक्या दाखवल्या आणि त्यांशेजारच्या आसनांवर त्यातल्या त्यात धडधाकट असलेल्यांना बसवले. प्रत्येकाची औषधे, रक्तगट आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असलेला एक तक्ता माझ्याजवळ होता आणि त्याची प्रत सोलापुरात राहिलेल्या मंडळाच्या चिटणीसांकडे होती. गाडीतच ठेवलेली यादी गाडीबरोबर नष्ट होऊ शकते, याचा विचार फार कमी सहलींत होतो.

तामलवाडीचा टोलनाका ओलांडून घाट चढून तुळजापुरात पोचायला काहीच वेळ लागला नाही. दर्शन निवांत झाले. खरी परीक्षा घाट उतरताना असते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची काही चालकांची सवय मी पाहिलेली आहे. तसे केले की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक पकड सोडतात. मी चालकाशेजारी जाऊन विचारले, "मालक, उतारावर गाडी गीअरमध्येच ठेवणार ना?"

"काका, ज्या गीअरला घाट चढायचा त्याच गीअरला उतरायचा, असं आमच्या उस्तादांनी शिकवलंय. न्यूट्रलला गाडी आपली राहत नाही बघा."

एवढे ऐकल्यावर मी जागेवर जाऊन बसलो आणि वाटभर त्यांना काही विचारले नाही. चालकाशी गप्पा मारल्या की त्याला झोप येत नाही, हा समज लोकप्रिय असला तरी घाटात त्याचे लक्ष रस्त्यावरच असले पाहिजे.

सोलापूर बाहेरून ओलांडून अक्कलकोटला दुपारीच पोचलो. रात्री निजानीज झाल्यावर वाहनतळावर गेलो, तर दोन्ही चालक गाडीतच आडवे होण्याच्या तयारीत होते. एक मागच्या लांब आसनावर आणि दुसरा सामानाच्या डिकीत. त्यांच्यासाठी खोली घेतलेली होती, भाडेही भरलेले होते, पण "गाडी सोडून कसं झोपायचं, सवयच आहे" असे त्यांचे म्हणणे होते. डिकीत डास, थंडी आणि शेजारच्या गाड्यांचे भोंगे यांत झोप लागली तरी ती पुरेशी नसते. गाडीजवळ रखवालदार ठेवून त्या दोघांना खोलीत पाठवले. आपल्याकडे सहलीच्या अंदाजपत्रकात नाश्त्याचे पदार्थ तपशिलाने लिहिलेले असतात आणि चालकाच्या अंथरुणाचा रकाना नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्याच्या डोळ्यांवर आपण ३८ जीव सोपवतो, त्याच्या झोपेची किंमत माणशी विभागली तर ती एका चहाच्या आसपास येते.

दुसरा दिवस, मंगळवार : अक्कलकोट, गाणगापूर

अक्कलकोटहून गाणगापूर सुमारे ७० किलोमीटर आहे. ऊस तोडणीचा हंगाम सुरू असल्यामुळे रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर होते. सोलापूर जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे अफझलपूर, इंडी भागात साखर कारखाने असल्यामुळे हे दृश्य उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत राहते. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या असतात, मागे दिवा नसतो, परावर्तक असलाच तर पाचटाखाली झाकलेला असतो, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने लावलेली असतात की मागच्या गाडीचा भोंगा चालकाला ऐकू जात नाही.

अशा ट्रॅक्टरच्या पुढे जाण्याचा हिशोब मी सहप्रवाशांना वहीवर करून दाखवला. ट्रॅक्टर ताशी २० आणि बस ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ट्रॉल्यांची लांबी, बसची लांबी आणि दोन्हीकडचे सुरक्षित अंतर धरून पुढे निघायला सुमारे ७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात बस जवळपास १०० मीटर जाते, आणि समोरून ताशी ६० च्या वेगाने येणारे वाहन त्याहून थोडे अधिक अंतर कापते. म्हणजे दोनशे मीटरहून अधिक रस्ता स्वच्छ दिसल्याशिवाय बाहेर निघणे हा जुगार आहे. दिवसा ते अंतर डोळ्यांना मोजता येते. रात्री समोरून दिवे येतात, त्यांचे अंतर कळत नाही, आणि बिनदिव्याची ट्रॉली तर अगदी जवळ आल्यावरच दिसते.

हा हिशोब त्याच दुपारी कामाला आला. गाणगापुरात भीमा-अमरजा संगमावर जाऊन, पादुकांचे दर्शन घेऊन, दुपारी माधुकरी आटोपून दोनला निघायचे आणि उजेडी विजापूर गाठायचे, असे वेळापत्रक होते. संगमाच्या ओल्या पायऱ्यांवर एक काकू घसरल्या. मनगट मुरगळले होते, हाड मोडलेले नव्हते, पण स्थानिक डॉक्टरांकडे नेऊन पट्टी बांधून येईपर्यंत साडेतीन वाजून गेले. विजापूर तिथून सुमारे १२० किलोमीटर. अफझलपूर, इंडीमार्गे त्या रस्त्यावर ताशी सरासरी ४० धरली तरी तीन तास लागतात आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. शेवटचा पाऊण ते एक तास अंधारात, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून जाणार होता.

मंडळींनी निरनिराळे पर्याय सुचवले. "थोडी दाबली तर पोचतो की," असे एका काकांचे म्हणणे होते. दाबून किती मिळणार होते? सरासरी ४० ची ४८ केली तरी अर्धाच तास वाचतो, आणि ती सरासरी गाठण्यासाठी प्रत्येक गावाच्या वेशीवर, प्रत्येक गतिरोधकावर आणि प्रत्येक ट्रॉलीमागे धोका पत्करावा लागतो. विजापूरच्या हॉटेलात भरलेली आगाऊ रक्कम बुडणार होती, ती परत मिळणार नाही, असे तिथून दूरध्वनीवर स्पष्ट सांगण्यात आले. चालकाला विचारले, तर ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." हे उत्तर ऐकले की संयोजकाने सावध व्हावे. भाड्याच्या गाडीचा चालक गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने नाही म्हणण्याचे काम आपले असते.

आम्ही गाणगापुरातच राहिलो. एका भक्तनिवासात चार मोठ्या खोल्या मिळाल्या, खिचडी आणि कढी मिळाली. काही जण नाराज होते आणि त्यांनी ती नाराजी बोलूनही दाखवली. पैशांचे नुकसान खरे होते, म्हणून मी त्यांची समजूत घालण्याचा फारसा प्रयत्न केला नाही.

तिसरा दिवस, बुधवार : गाणगापूर, विजापूर

नदीकाठचे धुके विरेपर्यंत थांबून आठनंतर निघालो. आज दुसरा चालक होता. इंडीच्या अलीकडे रंग न मारलेला एक गतिरोधक आला. वेग फारसा नव्हता, तरी शेवटच्या रांगेतील एक काका आसनावरून वीतभर उचलले गेले. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग झोपाळ्यासारखा हेलकावतो, म्हणून तिथला दणका सर्वांत मोठा असतो. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांना आम्ही आधीच दोन आसांच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या, मध्ये बसवले होते. हे काका खिडकीच्या हौसेने मागे गेले होते. त्यांना पुढे आणले आणि शेवटची रांग पिशव्यांसाठी ठेवली. आपत्कालीन दारासमोरचा भाग मात्र पूर्ण मोकळा राखला.

विजापुरात गोलघुमट पाहिला. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पूर्ण झाली. वरच्या प्रतिध्वनीच्या सज्जापर्यंतचे जिने अरुंद आणि चढे आहेत, त्यामुळे ज्यांना जमणार होते तेच गेले आणि बाकीच्यांनी खालूनच वास्तू डोळे भरून पाहिली. वाहनतळावर गाडी मागे घेताना मात्र मी अस्वस्थ झालो. क्लीनर डावीकडे उभा राहून पत्र्यावर थाप मारत "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता, आणि उजव्या मागच्या कोपऱ्याआड आमच्याच दोन आजी सावलीला उभ्या होत्या. चालकाला आरशात त्या दिसणे शक्य नव्हते. मी ओरडून गाडी थांबवली. त्यानंतर गाडी मागे घेण्यापूर्वी सगळ्यांनी एका बाजूला, चालकाच्या समोर दिसेल असे उभे राहायचे, आणि क्लीनरने शिट्टी वापरायची, असे ठरले. मोजणीसाठी जोड्या लावल्या. प्रत्येकाने आपला जोडीदार आला का, एवढेच पाहायचे. डोकी मोजण्यापेक्षा ही पद्धत लवकर उरकते आणि चुकत नाही.

चौथा दिवस, गुरुवार : विजापूर, मंगळवेढा, पंढरपूर, सोलापूर

अर्धा दिवस मागे पडल्यामुळे विजापुरातील बाकीची ठिकाणे सोडून सकाळी लवकर पंढरपूरकडे निघालो. मंगळवेढ्याचा थांबा फक्त चहापुरता ठेवला. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी होती आणि हुरड्याची आठवण काढून गाडीत बराच वेळ गप्पा रंगल्या. पंढरपुरात दर्शन, जेवण आणि त्यानंतर तासभर विश्रांती, असा क्रम मुद्दाम ठेवला होता. दुपारी दोन ते चार ही जेवणानंतरची वेळ रात्रीखालोखाल झोपेची असते, आणि घर जवळ आले की सगळेच सैल होतात.

मोहोळला पुणे-सोलापूर महामार्ग लागला. चौपदरी रस्ता आला की गाडीत सुटकेचा निःश्वास पडतो, पण तिथे धोका फक्त रूप बदलतो. विरुद्ध दिशेने येणारी दुचाकी, दुभाजकाच्या फटीतून अचानक वळणारा ट्रॅक्टर, कडेला दिवे न लावता उभा केलेला मालट्रक, हे सगळे सावळेश्वर टोलनाक्यापर्यंतच पाहायला मिळाले. गाडीला वेगनियंत्रक असून तो ताशी ८० वर बांधलेला असतो. त्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चालकाचे डोळे चारच सेकंद मिटले तरी जवळपास ९० मीटर गाडी कोणाच्याही ताब्यात नसते. चालकाने दोनदा जांभई दिली आणि मानेमागे हात नेला, हे मला समोरच्या आरशात दिसले. टोलनाका ओलांडल्यावर प्रशस्त जागा पाहून गाडी थांबवायला सांगितली. त्यांनी तोंड धुतले, चहा घेतला, आणि उरलेल्या वाटेसाठी दुसरे चालक बसले. घर तीसेक मिनिटांवर असताना हे थांबणे काहींना अनावश्यक वाटले. दोन चालक आपण अशाच क्षणासाठी घेतले होते, एवढेच मी सांगितले.

उजेडातच होटगी रस्त्यावर पोचलो. सामान उतरल्यावर गाडीच्या मालकांना दोन पानांची टिपणी दिली : मागच्या दाराची कडी बदलणे, कमी असलेल्या दोन हातोड्या बसवणे, अग्निशामकाला चालकाच्या हाताशी येईल असा लोखंडी कंस लावणे, गाडी मागे घेताना वाजणारा भोंगा बसवणे आणि छताची वायर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून पुन्हा ओढून घेणे. त्यांनी कडी आणि हातोड्यांचे काम आठवडाभरात करून छायाचित्र पाठवले. वायरचे काम लग्नसराई संपल्यावर करू, असे त्यांचे म्हणणे आहे. लग्नसराईतच गाडीत सर्वाधिक माणसे आणि सर्वाधिक दिवे असतात, तेव्हा हे काम आधी व्हावे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे आणि ते झाल्याशिवाय मंडळाने ही गाडी पुन्हा ठरवू नये, असा ठराव येत्या बैठकीत मांडणार आहे.